घरचा वाफा

शहराला लागून माळ्याचा दोन एकरांचा मळा होता. आसपासच्या दुकानदारांना त्याचा माल डोळे झाकून चालायचा. पालकाची पानं मोठी, काकडी सरळसोट, आणि माणूस शब्दाला पक्का. जुड्या तो निळ्या सुतळीने बांधायचा, ती त्याची खूणच झाली होती.

पंपाच्या खोलीमागे मात्र एक लहानसा वाफा होता, तो कुणाला दिसत नसे. तिथे शेणखत, पालापाचोळा आणि बायकोने सकाळी हाताने अळ्या वेचायच्या, एवढंच. त्या वाफ्यातल्या पानांना भोकं असायची, काकड्या वाकड्या यायच्या. पण घरात बायको-पोरांसाठी शिजायचं ते तिथलंच. बाजारच्या वाफ्यांवर तो औषध मारायचा. औषधाच्या बाटलीवर छापलेलं होतं, फवारल्यावर सात दिवस तोडू नका. दुकानदाराचा फोन आला की तो तिसऱ्या दिवशीही तोडायचा. सगळेच तोडतात, असं तो बायकोला म्हणायचा. ती टोपली उचलून पंपामागे जायची.

त्याची थोरली बहीण शहरात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. आई लवकर गेली, तेव्हापासून याचं न्हाणंमाखणं, शाळा, आजारपण सगळं तिनेच केलेलं. शिवणकारखान्यात तीस वर्षं मशीन चालवून ती नुकतीच घरी बसली होती. त्या वर्षी तिचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि तिने भावाला कळूच दिलं नाही. उगाच कामं टाकून धावत येईल म्हणून. महिन्याभराने मावसभावाकडून कळलं, तसा हा घरच्या वाफ्यातली पिशवी भरून तडक तिच्याकडे गेला.

बहीण वाळली होती, पण चेहऱ्यावर तजेला होता. पिशवी ठेवायला त्याने तिचा फ्रिज उघडला आणि तिथेच थबकला. खालच्या कप्प्यात पालकाच्या चार जुड्या होत्या. निळ्या सुतळीच्या.

बहीण हसली. कोपऱ्यावरच्या दुकानात भावाचाच माल येतो, हे तिला केव्हापासूनच माहीत होतं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी भाज्या भरपूर खायला सांगितल्या, तेव्हापासून ती रोज तिथूनच आणायची. रक्त वाढलं होतं, थकवा कमी झाला होता. बिनऔषधाची भाजी खाल्ली तर जास्त गुण येतो का, असंही तिने डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, किती फरक पडतो ते छातीठोक सांगता येत नाही. औषधाचा अंश कमी असतो, हे खरं. पण आधी भाज्या खा, आणि नीट धुऊन खा.

"दुसऱ्या कुणाची असती तर धुतली असती रे दहा वेळा," ती म्हणाली. "ही तुझी. नळाखाली धरली की झालं."

समोरच्या घरातल्या सुनेलाही तिनेच ते दुकान दाखवलं होतं. तिचं बाळ नुकतं वरचं खायला लागलं होतं. माझ्या भावाच्या मळ्यातली आहेत, निर्धास्त दे, असं सांगून बहिणीने तिला गाजरं आणून दिली होती.

 डॉक्टरांचं बोलणं बुडत्याने काडी धरावी तसं माळ्याने क्षणभर धरून पाहिलं. गुण तर आलाच आहे, भाजीनेच आला आहे, मग बिघडलं कुठे? पण बहीण समोर बसून त्यानेच आणलेला पालक निवडत होती. भोकं पडलेल्या पानाकडे बघून म्हणाली, या वेळी कीड पडली वाटतं. तेवढ्यावर त्याचा बांध फुटला. खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं, तिसरा दिवस, सातवा दिवस, पंपामागचा वाफा.

बहिणीचे हात थांबले. 

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "नाहीतर वेगळा वाफा कशाला केला असतास?"

 ती ओरडली असती, लहानपणासारखा कान पिळला असता, तर बरं झालं असतं. ती फक्त उठली, दार उघडलं आणि म्हणाली, "समोर जाऊन तू सांग. शब्द मी दिला होता, पण माल तुझा आहे."

चार पावलांचं अंतर होतं. सुनेने दार उघडलं, बाळ कडेवर. त्याने अडखळत सांगितलं. गाजरांनाही औषध मारतो, सात दिवसांची मुदत पाळत नाही. बाळ त्याच्या शर्टाच्या बटणाकडे हात करत होतं आणि तो एक पाऊल मागे सरकला. सुनेने त्याच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. त्रास झाला नाही अजून, एवढं म्हणून तिने दार हलकेच लावून घेतलं. आपटलं असतं तर त्याला सोसलं असतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, आजपासून आपणही बाजारच्या वाफ्यातलंच खायचं. ती म्हणाली, मग पोरांसाठी तरी मुदत पाळाल ना? हा टोमणा होता की साधा प्रश्न, त्याला कळलं नाही. तो झोंबला मात्र.

मुदत तो पाळू लागला. अगदी नाइलाज झाला तरच औषध मारायचा. माल कमी निघू लागला, दोन दुकानं सुटली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मात्र हात धरला. लोकांना हल्ली हेच हवं असतं, 'विषमुक्त भाजी' अशी पाटी लावू, तुझा फोटोही लावू, म्हणाला.

"तसं लिहू नका," माळी म्हणाला. "कमी मारतो आणि सात दिवस थांबतो, एवढंच लिहा."

असल्या पाटीने गिऱ्हाईक पळेल, दुकानदार हसत म्हणाला. मग पाटी लागलीच नाही. माळी टोपल्या उतरवून निघाला. बहिणीच्या समोरच्या घरातली सून रस्त्याच्या पलीकडून बाळाला घेऊन येत होती. ती दुकानात शिरते की पुढे जाते, हे बघायला तो थांबला नाही.