कमरेएवढा विलो

आमच्या शिरूरच्या घरापुढचं बुटकं झाड सध्या गच्चीच्या वर गेलं आहे.

कुणामुळे गेलं, हे सांगितलंच पाहिजे. राहू गावात माझा साडू राहतो, बाळासाहेब. जन्मभर ह्या माणसाने डोक्याच्या वर जाणारा ऊस काढला, आणि बंगला बांधल्यावर मिरवायला काय आणलं? न वाढणारं झुडूप! जेवायला बोलावून ताटावर बसवायच्या आधी आम्हाला अंगणात नेलं.

"पाव्हणं, विलो म्हनत्यात ह्याला. फॉरेनचा! कमरेच्या वर जातच न्हाई. आन् हात नका लावू, नाजूक हाय."

हात नका लावू! एसटी डेपोसमोर केळीच्या हातगाडीपासून सुरुवात करून मार्केट यार्डात कांद्याचा गाळा घेतलेला माणूस मी, आणि मला झुडपाला हात लावायची बंदी! तिथल्या तिथे ठरवलं: असाच विलो आणायचा, तोही निम्म्या भावात.

अडचण एकच होती. आमची बाग म्हणजे गेट आणि मोरीचा पाईप यांच्यामधली आठ बाय सहा फुटांची माती. तिच्यात सुमनचा, म्हणजे आमच्या मंडळींचा, मोगरा उभा होता. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने लावलेला.

"अहो, मग माझा मोगरा कुठं जाईल?"

"दे तुझ्या बहिणीला. त्यांच्याकडे जागा उतू चाललीय."

ती उठली आणि कुदळ माझ्या हातात देऊन आत गेली. (हे लक्षण वाईट असतं; पण मी घाईत होतो.) मोगरा सिमेंटच्या गोणीत बसून राहूला गेला.

पुणे रस्त्याच्या नर्सरीत मी भाव ऐकून आधी हसलो. भाव कितीही असो, हसायचं, हा माझा पहिला नियम.

"मालक, हे कलम हाय," नर्सरीवाला म्हणाला. "खालचं खोड येगळं, त्यावर बुटका विलो बांधलाय. मेहनत हाय त्यात."

"कलमबिलम तुझं तुला लखलाभ! निम्म्यात बोल."

"न्हाई परवडत."

दुसरा नियम: पाठ फिरवून चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला हाक येतेच. पाचव्या पावलालाही आली नाही, तेव्हा मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. (पायात चपला होत्या.)

"मालक! निम्म्यात मग हे बिनकलमी बसंल. ह्येबी विलोच हाय."

जिंकलो! वर शेणखताचं एक पोतंही फुकट उपटलं आणि सगळंच्या सगळं त्याच झाडाला घातलं.

विलो दोन महिन्यांत कमरेला आला.

"आता थांबेल," मी म्हणालो.

तो खांद्याला आला. सुमन दारात उभी राहून म्हणाली, "कंबर कुणाची धरायची? तुमची का उंटाची?"

पहिला पावसाळा सरला तेव्हा तो केबलच्या वायरीत शिरला आणि शेजारच्या आप्पांचा टीव्ही ऐन मॅचमध्ये बंद पडला. दुसऱ्या पावसाळ्यात तर मोरी तुंबली! पाणी थेट स्वयंपाकघरात आलं. प्लंबरने पाईपात हात घालून वेणीएवढा मुळ्यांचा पुंजका ओढून काढला.

आप्पांनी कुंपणावरून पाहिलं. "अरे, हे वाळुंजाच्या जातीचं दिसतंय. घोड नदीच्या काठाला आमच्या लहानपणी ही झाडं रग्गड व्हती. ती फुकट मिळायची, तू इकत आणलंस व्हय?"

मी तडक नर्सरी गाठली. "बुटकं म्हणून ताड गळ्यात मारलास!"

नर्सरीवाला शांतपणे रोपांना पाणी देत राहिला. "मालक, बुटकेपणा त्या कलमातच असतोय. त्येच तर तुम्ही भावातनं काढायला लावलं."

एवढा राग आला, की पाठ फिरवून तरातरा चालू लागलो. (हाक येणार नव्हती. त्याचं बरोबर होतं.)

पुढच्या रविवारी साडू सहकुटुंब आला. मेव्हणीच्या केसांत मोगऱ्याचा भरगच्च गजरा! सुमनने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चहा टाकायला आत निघून गेली. त्या चहात साखर नव्हती.

बाळासाहेब माझ्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला. "पाव्हणं, सावली मातर झ्याक हाय! बैलं बांधा की हितं!"

"बाळासाहेब," मी म्हणालो, "सुमनला तिचा मोगरा परत हवाय."

"त्यो आता रुजलाय, हालवला तर मरंल. कलम करून देतो. पन एका अटीवर. हितं समद्यांसमोर म्हनायचं, बाळासाहेबांचा विलो माझ्यापरीस भारी हाय."

आप्पा कुंपणापाशी कान देऊन उभे. सुमन दारात कपबशी धरून उभी. मी हसलो नाही, पाठ फिरवली नाही, लेस तर मुळीच बांधली नाही. मोठ्या आवाजात, एका दमात, सगळं वाक्य म्हणालो.

"अगं बया!" मेव्हणी म्हणाली. "दाजींनी घासाघीस न्हाई केली?"

कशी करणार? अट निम्म्यावर आणली असती, तर साडूने वास काढून मोगरा दिला असता!