काखेकडची शिवण

परळच्या हॉस्पिटलसमोर एका ओट्यावर एक मावशी विणत बसायची. माझं स्तन काढायचं ऑपरेशन झालं, तेव्हा ब्लाउजच्या आत बसवायचा विणलेला गोळा तिनेच मला दिला. तिचंही तेच ऑपरेशन झालेलं. प्रत्येक गोळा ती आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघायची.

मी लोअर परळला वस्तूंची डिझाइनं करते. "आमच्या साहेबांना दर वेळी जगात नसलेलं काहीतरी हवं असतं," मी तिला म्हणाले.

ती हसली. "माझं तसं नाय गो. पहिला गोळा घामाने चिकटायचा, म्हणून सुती दोरा घेतला. मग गोळा हलका पडून वर सरकायचा, म्हणून वजनाला आत राळ्याच्या दाण्यांची पुरचुंडी शिवली. आता धावत बस पकडते मी!"

गेल्या महिन्यात तपासणीला गेले, तेव्हा चाचरत म्हटलं, "मावशी, काखेकडची शिवण टोचते."

तिचे डोळे चमकले. हातातल्या नव्या गोळ्याची शिवण तिने तिथेच उसवली, आतून घातली आणि गोळा शेजारी थांबलेल्या, नुकतंच ऑपरेशन झालेल्या बाईला दिला. "ही शिवण हिची हां," माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली.

त्या बाईने गोळा गालावर फिरवला आणि मान डोलावली.

ऑपरेशनपासून मी पोक काढून चालत होते. त्या दिवशी स्टेशनपर्यंत ताठ चालत गेले.