गावदेवीच्या पायाखालचा फॉर्म

आमच्या वंदनाचा डाक्टरकीचा फॉर्म दोन दिवस गावदेवीच्या पायाखाली कुलपात व्हता, आणि त्या कुलपाची चावी चिरनेरला व्हती. दोन्ही गोष्टी माज्यामुळं झाल्या.

मी शाळेत गेलो तो एकदाच, वंदीचं नाव घालायला. तरी पोरगी बारावी सायन्सला असे मार्क घेऊन आली की पनवेलच्या मच्छी मार्केटात तिच्या आईनं, म्हंजे अनुसयानं, त्या दिवशी कोणाशी भाव करताना घासाघीस केली नाय. (हे आमच्या घराण्यात पयल्यांदा घडलं.) मग मेडिकल कालेजचा एक फॉर्म भरला, तो पोस्टानं गेला. आमाला वाटलं झालं. पण जुलैत जाडसर लखोटा आला. त्यात दुसरा फॉर्म.

"परत?" मी बोललो. "पयला हरवला त्यांनी?"

"नाय बाबा. पयल्या फॉर्मातनं नावं काढली. आता ज्यांची निघाली त्यांनीच हा दुसरा भरायचा. जातीचा दाखला, रहिवाशी दाखला, सगळ्याच्या नकला लावायच्या. सोमवारी पाचच्या आत मुंबईला त्यांच्या हापिसात हातात द्यायचा. नाय दिला तर नाव गेलं."

"गेलं म्हंजे?"

"म्हंजे गेलं. दुसऱ्याला देतात ती जागा."

त्या दिसापासनं मी घरात येरझाऱ्या घालाय लागलो. पावसाळा व्हता, होडी वर काढून ठेवलेली, जाळी शिवून झालेली. हाताला काम नसलेला कोळी घरात असला की घराला धोका असतो, हे मी सोताच्या अनुभवानं सांगतो.

शनिवारी वंदीनं फॉर्म भरला. चार पानं, मोत्यावानी अक्षर, वर फोटो चिकटवलेला. खाली एक जागा मोकळी ठेवली. "बाबा, इथं तुमचा आंगठा पायजे. मी नकलांवर सायबाच्या सह्या घेऊन येते, मग घेऊ," बोलली आणि पनवेलात गेली.

मी फॉर्माकडं बघत बसलो. फॉर्म माज्याकडं बघत बसला. आमच्या कोळीवाड्यात रीत हाय. नवी होडी असो, नवं जाळं असो, लग्नाची पत्रिका असो, पयली गावदेवीच्या पायाशी जाते, मग बाहेर पडते. आणि हा तर पोरीच्या जल्माचा कागद. तो असाच पाठवायचा? उद्या नाव नाय लागलं तर देवी बोलंल, मला इचारलं व्हतं?

उचलला फॉर्म, गेलो देवळात.

देवळाचा पुजारी गोमानाना. त्याला बोललो, "नाना, कौल लाव."

नानानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय. आमी दोघं हात जोडून बसलो. पाच मिंटं झाली. पंधरा झाली. एकपण पाकळी पडंना. (सकाळीच तेलशेंदूर लावला व्हता, पाकळ्या डिंकासारख्या बसल्या व्हत्या. पण हे आता कळतं.)

"काय झालं नाना?"

"आई इचार करते."

"कवापत्तर?"

"मोठा प्रश्न हाय, पदू. तुज्या होडीचा नाय. फॉर्म ठेव पायाखाली. सोमवारी सकाळी ने."

ठेवला. नानानं दाराला कुलूप घातलं.

संध्याकाळी वंदी आली. "बाबा, फॉर्म?"

"ठेवलाय जपून."

रविवारी परत, "बाबा, आंगठा द्यायचाय, फॉर्म काढा ना."

"उद्या सकाळी देतो. जिथं ठेवलाय तिथं कोणाचा हात पोचत नाय."

हे मात्र खरं बोललो. सोमवारी सकाळी देवळात गेलो, तर कुलूप. नानाच्या घरी गेलो, तर नानाची बायको तांदूळ निवडत बसलेली.

"नाना?"

"चिरनेरला गेले कालच. नणंदेच्या घरी देवकार्य हाय. उद्या येतील."

"आणि चावी?"

"कमरेला. निजताना पण काढत नाय. गेल्या साली देवीचे चांदीचे डोळे चोरीला गेले ना, तवापासनं."

मी तिथंच पायरीवर बसलो. घरी येऊन सांगितलं. वंदी ओरडली असती तर बरं व्हतं. तिनं नकलांची पिशवी छातीशी धरली आणि माज्याकडं असं बघितलं, जसं आपण भरतीला दोर सुटलेल्या होडीकडं बघतो.

"कुलूप तोडतो," मी बोललो.

अनुसया पुढं आली. "देवीचं कुलूप तोडून पोरीला डाक्टर करणार? मग तिचे पयले पेशंट तुमीच व्हाल."

वंदी हळूच बोलली, "बाबा, मी एक वाजता एस्टी स्टँडवर थांबते. दीडच्या गाडीनं गेलं तरच पोचतो."

मी धावलो. जासईपत्तर एका ट्रकवाल्यानं घेतलं. तिथनं चिरनेरला टेम्पो मिळाला, त्यात माज्यासंगती अकरा कोंबड्या. साऱ्या रस्ताभर माज्या डोक्यात एकच, दुसऱ्याला देतात ती जागा. कोंबड्या पण माज्याकडं दयेनं बघत व्हत्या.

नानाच्या बहिणीचं घर शोधायची गरज पडली नाय. ढोल वाजत व्हता. अंगणात चाळीस माणूस गोल करून बसलेला आणि मधी गोमानाना, केस मोकळे, डोळे वर, घुमत व्हता. त्याच्या अंगात आलेलं. कोण? आमचीच गावदेवी.

आता माज्यापुढं सवाल. चावी नानाकडं, आणि नाना जाग्यावर नाय.

शेवटी रांगेत बसलो. माज्यापुढं एक बाई नातवासाठी, एक माणूस हरवलेल्या म्हशीसाठी. म्हशीवाल्याला देवीनं फार येळ दिला. म्हस काळी का, शिंग कुठल्या बाजूला वळलं. मला घाम फुटला. मग माजा नंबर.

"बोल बाळा," देवी बोलली. (रोज हाच गडी मला पद्या म्हनतो.) "काय पायजे तुला?"

"आई, चावी."

ढोलवाल्याचा ठोका चुकला.

"कसली चावी?"

"देवळाची."

"माज्याच घराची चावी मलाच मागतोस?"

"व्हय आई. तुज्या पायाखाली पोरीचा फॉर्म हाय. पाचला मुदत संपते."

देवी घुमली. चाळीस माणसं श्वास धरून. "श्रद्धा ठेव," देवी बोलली.

"श्रद्धा हाय आई. येळ नाय."

मागनं एक म्हातारी बोलली, "दे गो आई, पोरीचं शिक्षान हाय. तुला काय करायचीय चावी, तुला काय बाजारात जायचंय?"

मग देवी माज्याकडं वाकली, आणि कानात अगदी नानाच्या आवाजात बोलली, "येड्या, करदोट्याला बांधलीय. मला हात लावता येत नाय, लोक बघतात. तूच सोड. आणि कुलूप जरा दाबून फिरव, अडकतं."

तवा चाळीस माणसांसमोर मी देवीच्या कमरेची गाठ सोडाय लागलो. गाठ पावसानं आवळलेली. त्यात नानाला गुदगुल्या फार, हे मला माहीत नव्हतं. देवी खुदकन हसली. मग मोठ्यानं हसली. मग अंग मुरडून लोळाय लागली.

"प्रसन्न झाली!" लोक बोलले, आणि माज्याच पाया पडाय लागले. म्हशीवाला तर सोडंना. "तुमी पण इचारा ना माज्या म्हशीचं." त्याला सांगितलं, "तळ्याकडं बघ," आणि सुटलो. (ती म्हस तळ्याकडंच गावली म्हणे. माजं हे एकच भाकीत खरं ठरलं, आणि ते पण दुसऱ्याच्या म्हशीचं.)

साडेबाराला देवळात. कुलूप दाबून फिरवलं, उघडलं. पाया पडलो, फॉर्म ओढला.

आई गं.

वरनं शेंदराचं तेल झिरपून चारी पानं आरपार झालेली. इकडचं अक्षर तिकडं दिसत व्हतं. आणि फोटोत वंदीच्या कपाळावर रुपयाएवढा शेंदूर. मी आंगठ्यानं पुसला. तो गालावर गेला. दुसऱ्या आंगठ्यानं पुसला. आता पोरीचं सगळं तोंड केशरी, डोळे तेवढे पांढरे. देवीचे चोरीला गेलेले डोळे गावले असं वाटावं.

दीडची गाडी पकडली. वाशीचा खाडीपूल येईपत्तर मी फॉर्म पिशवीतनं काढलाच नाय. मग वंदीनं सोताच काढला. बराच येळ बघत राहिली.

"बाबा, हे कोण हाय?"

"तूच."

"मी?"

"जरा देवीची छाया पडलीय."

ती खिडकीबाहेर बघाय लागली. तिचे खांदे हलत व्हते. हसते का रडते ते इचारायची माजी छाती झाली नाय.

सव्वाचारला हापिसात. खिडकीमागं चष्मेवाले एक साहेब. त्यांनी फॉर्म दोन बोटांत धरला, हुंगला.

"हे काय आहे?"

"फॉर्म हाय सायेब," मी बोललो.

"तो तळलाय का?"

"नाय, देवीच्या पायाशी ठेवला व्हता."

"मग तिच्याकडेच जमा करायचा होता. हा मी घेऊ शकत नाही."

मी खिडकीची दांडी धरली आणि बोलाय लागलो, सायेब, चूक माजी हाय, पोरीची नाय, मला काय शिक्षा द्यायची ती द्या, मी उद्या चार किलो कोलंबी... तवा वंदीनं मला हळूच बाजूला सारलं.

"सर, कोरा फॉर्म मिळेल का? मी इथेच भरते. नकला सगळ्या माझ्याकडे आहेत. फोटोही आहेत."

साहेबांनी घड्याळ बघितलं, तिला बघितलं, माज्या केशरी हातांकडं बघितलं. "देतो. पण एका अटीवर. तुमचे वडील कागदाला हात लावणार नाहीत."

ती बाकड्यावर बसून लिहाय लागली. मी भिंतीला पाठ लावून, हात मागं बांधून उभा. एकेक ओळ ती लिहायची आणि माजा एकेक श्वास सुटायचा. पाचला दहा कमी असताना ती उठली.

साहेबांनी पानं चाळली. "सगळं बरोबर आहे. फक्त पालकांची सही."

"आंगठा हाय," मी बोललो.

साहेबांनी शाईचं पॅड शोधलं. सापडंना. इथं शोध, तिथं शोध. मी हात पुढं केला. दोन्ही आंगठे तेलशेंदरानं तयारच व्हते. त्यांनी कपाळाला हात लावला. "डावा. एकदाच. हलवू नका."

उठवला. साहेबांनी शिक्का मारला. त्या आख्ख्या फॉर्मात माजं काम ते एवढंच व्हतं. शनिवारी संध्याकाळी घरी बसून, चहा पिता पिता झालं असतं.

यादीत वंदीचं नाव लागलं. गोमानाना सांगतो देवीनं केलं, चिरनेरचे लोक सांगतात पदूबाबांनी केलं. मी कोणालाच नाय म्हनत नाय. आता वंदीचा पनवेलात दवाखाना हाय. तिथल्या कंपाउंडरला तिनं पयल्याच दिवशी सांगून ठेवलंय, "माझे बाबा आले की खुर्ची द्या, चहा द्या, पंखा लावा. फक्त कागद हातात देऊ नका."