भावोजींची झोप

आमच्या भावोजींना झोपायला अंथरूण लागत नसे. घास हातात असतानाही त्यांचा डोळा लागायचा. "नशीबवान माणूस," असं आम्ही सगळे म्हणायचो, आणि मला तर त्यांचा हेवाच वाटायचा. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

भावोजी लोखंड ओतण्याच्या कारखान्यात क्रेन चालवत. वितळलेल्या लोखंडाची भली मोठी बादली माणसांच्या डोक्यांवरून न्यायची. बावीस वर्षांत थेंब सांडला नव्हता. क्रेनवर त्यांचा भारी जीव.

यंदाच्या तपासणीत त्यांना एक फॉर्म भरायला दिला. वाचताना डुलकी लागते का? बसल्या बसल्या? शून्य ते तीन गुण द्या. खरं लिहिलं तर क्रेनवरून उतरवतील, म्हणून या गृहस्थांनी शून्यांची रांग लावली. शेवटचं शून्य अर्धवट राहिलं, कारण ते काढतानाच झोपले. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनीच त्यांना हलवून उठवलं. मग टेप लावून गळ्याचं माप घेतलं आणि झोपेतला श्वास मोजणारं यंत्र एका रात्रीपुरतं घरी दिलं: छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी.

चार दिवसांनी बाईंनी ताईलाही बोलावलं. सोबत मी गेलो.

"झोपेत तासाला बावन्न वेळा यांचा श्वास अडतो," बाई म्हणाल्या. "एकदा तर सत्तर सेकंद बंद होता."

भावोजींनी एकच विचारलं, "मग क्रेन?"

"झोपताना मास्क लावायचा. त्यातल्या हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. त्याचा गुण दिसेपर्यंत क्रेन बंद."

"अहो, मला काही होत नाही. हवं तर हिला विचारा."

ताई खाली मान घालून बसली होती. "यांचं घोरणं मध्येच थांबतं ना," ती म्हणाली, "तेव्हा काय होत असतं?"

"तेव्हाच श्वास बंद असतो. मग शरीर दचकतं आणि घोरणं पुन्हा सुरू होतं."



"मला वाटायचं, आता कुठे यांना शांत झोप लागली," ताई म्हणाली. "तेवढ्यात मीही झोपून घ्यायचे."

भावोजी वाद घालायला पुढे सरकले होते, ते तसेच थांबले. ताईकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून क्रेनची किल्ली काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली.