पाचव्या मजल्यावरची तुळस

करोलबागेतलं तळमजल्याचं घर सोडून चांदोरकर मंडळी गुडगावात पाचव्या मजल्यावर राहायला आली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना कुमुदिनीबाईंची काळजी लागली. इतकी वर्षं मागच्या अंगणात कोथिंबीर, पुदिना, गवती चहा लावणारी बाई आता हवेत काय पेरणार? साल होतं १९९८. इमारतीभोवती मोहरीची शेतं, वीज तिच्या मनाला येईल तेव्हा, आणि संध्याकाळी फाटकाबाहेर कोल्हेकुई. सचिवालयातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान बाळराव पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "हे शहर कसलं, हा तर शहराचा नकाशा." कुमुदिनीबाईंनी गॅलरीचं दार उघडलं, कठड्यावर पसरलेलं ऊन पाहिलं आणि त्यांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला.

करोलबागेत शेजाऱ्यांच्या कडुनिंबानं त्यांचं ऊन खाल्लं होतं. इथे सकाळपासून दुपारपर्यंत अडवणारं कुणी नव्हतं. रंगारी टाकून गेलेले रिकामे डबे त्यांनी घासून काढले, तापल्या खिळ्यानं बुडाला भोकं पाडली, लाटण्यानं धने रगडून दोन-दोन फाका करून पेरले. कोंब दिसला की त्या घरात येईल त्याला हाताला धरून गॅलरीत न्यायच्या. केबलवाल्यालाही त्यांनी मेथी दाखवली होती. तो बिचारा "अच्छा जी, बहुत बढ़िया" म्हणून गेला.

सूनबाई रसिका पुण्याची, एका परदेशी कंपनीत नोकरीला. कंपनीनं तिला सिंगापूरला पाठवलं, तेव्हा तिनं सासूबाईंसाठी बियांचं एक चकचकीत पाकीट आणलं.

"आई, हे बेसिल. इटालियन जेवणात घालतात. पिझ्झा खाल्ला ना आपण, त्यावर खरं तर हे हवं."

कुमुदिनीबाईंनी बी भिजवलं तर ते फालुद्यातल्या सब्ज्यासारखं फुगलं. होळी झाल्यावर पेरलं आणि आठवड्यात हिरवी ठिपकी वर आली. पानं मोठी होऊ लागली. एक पान चुरगाळून त्यांनी वास घेतला. लवंग, थोडी बडीशेप, आणि त्यामागे ओळखीचं काहीतरी.

"अहो, ही तर तुळस आहे," त्या बाळरावांना म्हणाल्या. "परदेशात राहिली म्हणून गुबगुबीत झाली, एवढंच."

जुन्या घराचं वृंदावन जमिनीत पक्कं बांधलेलं होतं, ते तिथेच राहिलं होतं. त्याची हुरहुर मनात होतीच. झालं. एका डब्याला गेरू फासला गेला, रांगोळी निघाली, रोज सकाळी पाणी आणि हळदकुंकू सुरू झालं. मे महिन्यात लू, ते भाजून काढणारं वारं, सुटलं तेव्हा बाईंनी आपली जुनी सुती साडी वर बांधून सावली धरली. रसिकानं एकदा कात्री आणली, तर बाईंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती कात्री घेऊन मुकाट्यानं आत गेली.

पावसाळ्यात सोसायटीपलीकडच्या मार्केटात विश्वास नावाचा एक मुंबईचा मुलगा इटालियन जेवणाची खानावळ काढतोय, असं रसिकानं सांगितलं. तो जहाजावर स्वयंपाक शिकला होता. मुहूर्त दसऱ्याचा होता आणि ताजं बेसिल दिल्लीभर हिंडूनही त्याला मनासारखं मिळत नव्हतं. कुमुदिनीबाईंचे कान टवकारले. त्यांनी त्याला चहालाच बोलावलं.

विश्वासनं पान तोंडात टाकलं आणि चेहरा शक्य तितका सरळ ठेवला. "काकू, रोप जबरदस्त आहे. पण फुलावर गेलंय, पानं कडू झालीत. शेंडे खुडले नाहीत का कधी?"

"तुळशीचे शेंडे कोण उगाच खुडतं?"

"खुडल्याशिवाय ते पसरत नाही, काकू. मऊ पानं मिळाली तर मी दर शनिवारी घेईन. बिल्कुल, शब्द देतो."

तो गेल्यावर बाई बराच वेळ गॅलरीत उभ्या होत्या. उभ्या आयुष्यात त्यांची कोथिंबीर शेजारपाजारी वाटली गेली होती, "जरा काडीभर द्या हो" म्हणत लोक मूठभर नेत होते. तुमचंच हवं, दर आठवड्याला हवं, असं त्यांना कुणीही म्हटलं नव्हतं. हे काम त्यांना हवं होतं. इतकं हवं होतं, की स्वतःच्याच हावरेपणाचं त्यांना हसू आलं.

न खुडल्याचा एक फायदा झाला होता. मंजिऱ्या वाळल्या होत्या आणि तळहातावर चोळल्या की काळं बी झरझर पडत होतं. बाईंनी घरातला प्रत्येक डबा पेरला, बाळरावांच्या दाढीच्या मगासकट. पंधरवड्यात गॅलरी हिरवीगार झाली.

मग खुडायची वेळ आली. बाईंचा हात पुढे जायचा आणि मागे यायचा. दसरा जवळ येत होता आणि रोपं उंच होऊ लागली होती. आणखी थांबलं तर पुन्हा मंजिऱ्या, पुन्हा कडू पानं, आणि विश्वास दुसरीकडे जाणार. एका सकाळी त्या अंघोळ करून ओलेत्या केसांनी आल्या. माहेरी नैवेद्यासाठी पान काढताना आई करायची तसा त्यांनी प्रत्येक डब्याला नमस्कार केला आणि नखानं शेंडे खुडले. दिवसभर जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी त्यांची हाक जिन्यापर्यंत ऐकू गेली.

"अहो, धावा! एकाच्या जागी दोन फुटलेत!"

बाळराव चष्मा शोधत आले. खरंच, प्रत्येक खुडीपाशी दोन-दोन फांद्या. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी बाळरावांची मगाबद्दल एकदाची माफी मागून टाकली.

दसऱ्याच्या सकाळी विश्वास ओल्या पंच्यात गुंडाळलेल्या जुड्या घेऊन गेला. पान चाखून तो नुसता हसला. संध्याकाळी सगळं घर त्याच्याकडे जेवायला गेलं. टेबलावर गरम पिझ्झा आला. वर मधोमध एकच हिरवं पान होतं.

कुमुदिनीबाई त्या पानाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पेल्यातलं पाणी हातावर घेतलं, ताटाभोवती फिरवलं आणि डोळे मिटले. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत होते. बाळरावांनीही हात जोडले.

डोळे उघडले तर समोर विश्वास उभा होता.

"शनिवारी किती लागेल रे?" बाईंनी विचारलं. "पहाटेच खुडून ठेवते."