उजव्या प्लगचं दुखणं

मी मुळातला संशयी माणूस. वाण्यानं बांधलेली पुडी मी दुकानातच सोडून बघतो. यंत्राच्या कामात हा स्वभाव उपयोगी पडतो, माणसांत मात्र फार जाच करतो.

लढाईच्या दिवसांत सापगावला भातसा नदीवर पावसाळाभर तर, म्हणजे भाड्याची होडी, चालायची. शहापूरच्या बाजाराला जाणारी माणसं तिनं पार व्हायची. तरीच्या मक्तेदारानं कुठल्याशा साहेबाकडून होडीमागं लावायची मोटर विकत घेतली आणि ती चालवायला मला ठेवलं. त्याआधी मी मुरबाडला भाताच्या गिरणीतलं इंजिन सांभाळत होतो. होडीवर एक म्हातारा नावाडी होता. त्याचा जन्म वल्ही मारण्यात गेलेला. आता त्याच्याकडे दोर बांधणं आणि मोटर बंद पडली तर वल्हं धरणं एवढंच उरलं होतं. मक्तेदार एकदा माझ्याशी बोलताना म्हणाला होता, "मोटर नीट चालायला लागली की म्हाताऱ्याला घरी पाठवू." म्हातारा तिथंच दोर वळत बसला होता.

मोटरला दोन सिलिंडर, एक डावीकडे, एक उजवीकडे. श्रावणात सकाळच्या पहिल्या खेपेला तिचा आवाज बिघडायला लागला. चांगली घरघर चालू असताना मधेच गचके, मग उजवं सिलिंडर गप्प. ऐन धारेत जोर संपायचा, होडी खाली वाहायला लागायची आणि म्हातारा काही न बोलता वल्हं पाण्यात टाकायचा. त्याचं ते न बोलणंच मला खुपायचं.

पहिला संशय पेट्रोलवर. रेशनचं पेट्रोल, त्यात रॉकेल मारलेलं असणार, म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. पण पेट्रोल खराब असतं तर दोन्ही बाजू अडखळल्या असत्या. मग ठिणगी पाडणारे प्लग काढले, पुसले, एकेक वायरीला जोडून लोखंडाला टेकवला आणि मोटर सुरू करायची दोरी ओढली. दोन्हींची ठिणगी निळी, टपोरी. डावा प्लग उजवीकडे बसवला, उजवा डावीकडे. दिवसभर मोटर गुणी पोरासारखी चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी गचके पुन्हा उजवीकडेच! म्हणजे दोष प्लगात नव्हता. वायर बदलली, वीज तोडजोड करणारे पॉइंट घासले. दर वेळी तेच. मी चिखल पुसून हात फिरवला की संध्याकाळपर्यंत ठीक, सकाळी पुन्हा रड.

यंत्र रात्री गोणपाटाखाली पडल्या पडल्या बिघडत नाही. कुणाचा तरी हात लागत होता, आणि मोटर बंद पडण्यात फायदा एकाच माणसाचा होता. मी मक्तेदाराच्या कानावर घातलं. तो पेटलाच.

बाजाराच्या दिवशी झुंजूमुंजू होताना आम्ही दोघं करंजाच्या झाडामागं उभे राहिलो. म्हातारा आला. इकडंतिकडं बघून त्यानं मोटरवरचं गोणपाट उचललं आणि उजव्या बाजूला हात घातला. मला कोण आनंद झाला! मक्तेदारानं धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. बोटं लाल होती.

दुसऱ्या हातात कुंकवाची डबी. प्लगच्या पांढऱ्या मानेवर वरपासून खालपर्यंत ओल्या कुंकवाचं बोट ओढलेलं. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकालाही तसंच, ताजं.

"रोज नाळेला लावतो, तसा हिलाबी," म्हातारा म्हणाला. "उजव्या अंगाला. धारंत बंद पडते, मानसं बुडतील. म्हून जास्तच लावाय लागलो."

मी दोरी ओढली. पुरतं उजाडलं नव्हतं म्हणून दिसलं. ठिणगी आत न जाता त्या ओल्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर लोखंडात उतरत होती. खेपेत तुषार उडाले की ते कुंकू पुराच्या तांबड्या पाण्यात मिसळायचं, आणि मी ते चिखल समजून पुसायचो. आताही फडकं फिरवलं आणि मोटर लगेच सुरळीत झाली. म्हातारा खरं बोलत होता. मला ते पटलं, आणि पटलं याचाच राग आला. तरी मक्तेदाराला सगळं समजावून सांगितलं.

"कुंकवाचं निमित्त!" तो ओरडला. "माझी मोटर बंद पाडून स्वतःचं पोट भरतोय. चालता हो!"

म्हातारा पाण्यात उतरून नाळेपाशी गेला आणि ओंजळ भरून घेतली. "माझा हात वाईट ना शेट? मंग हे बी त्याच हातचं. पुसून जातो."

तोवर काठावर बाजाराला निघालेल्या बाया जमल्या होत्या. एकीनं डोक्यावरची पाटी खाली उतरवली. "कुकू पुसलेल्या होडीत आमी नाय बसायचो," ती म्हणाली. बाकीच्याही मागं सरल्या.

मक्तेदार धोतरासकट पाण्यात शिरला आणि त्यानं म्हाताऱ्याची ओंजळ दोन्ही हातांनी धरली.

"नको रे बाबा, पुसू नको. तू बस होडीत."

"आन उद्या?" म्हाताऱ्यानं ओंजळ न सोडता विचारलं.

"उद्या, परवा, रोज," मक्तेदार म्हणाला.

मग म्हाताऱ्यानं पाणी नदीत सोडलं.