लेखी हुकूम

भिवा माझा धाकटा दीर. सकाळी उठला की तोंड धुण्याआधी भिंतीपुढे उभा राहायचा आणि विचारायचा, "वैनी, आजचा हुकूम?" मग मी चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर लिहायची: गुरांना पाणी दे. चूल विझव. कडी लाव. काम झालं की तो ती ओळ ओल्या फडक्यानं पुसायचा. "तोंडी हुकूम वाऱ्यावर जातो," म्हणायचा. "लेखी हुकूम जागचा हलत नाय."

एकाहत्तरच्या लढाईत त्याच्याजवळ सुरुंग फुटला. घरी आला तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता. पण सांगितलेलं डोक्यात टिकेना, उजेड डोळ्यांना सोसेना. आमची वाडी कशेडी घाटात. रस्त्याच्या कामाचा बार उडाला की हा जेवता जेवता जमिनीवर पालथा पडायचा. नवरा मुंबईला गिरणीत, तेव्हा त्याचं सगळं माझ्याच गळ्यात.

वाडीतले म्हणायचे, "सोंग हाय. हातपाय तर धड हायत." एक जण गंमत म्हणून त्याच्या पाठीमागे पत्र्याचा डबा आपटायचा. त्याला मी विहिरीवर सगळ्यांदेखत चपलेनं मारलं. पुन्हा आपटला नाही.

महाडचे डॉक्टर म्हणाले, "बाई, मार आतून बसलाय. पुरता बरा होणार नाही. सांभाळा." भिवा घरी येताना हसला. "वैनी, डोस्क्यात वाळू हलते. बसली की समदं दिसंल."

ती काही बसली नाही. मी त्याच्यावर ओरडलेही आहे, खोटं कशाला सांगू? तो म्हणायचा, "वरड गो वैनी. उद्या मला कुठं आठवतंय!"

दहा वर्षं अशी गेली. एका श्रावणात त्याच्या गोळ्या संपल्या, म्हणून मी महाडला निघाले. येताना किराण्याचं ओझं असणार, म्हणून भिंतीवर लिहिलं: दुपारी फाट्यावर ये. मी येईपर्यंत हलू नको.

दुपारी घाटात दरड कोसळली. एसटी पोलादपूरलाच अडली. दुसऱ्या दिवशी दरड ओलांडून मी चालत वर आले. फाट्यावर आंब्याखाली भिवा उभा होता, निथळत, ओठ काळेनिळे. शेजारीण त्याला दोनदा न्यायला आली होती. दोन्ही वेळा हात सोडवून घेऊन तो म्हणाला होता, "लेखी हाय."

मला बघून त्यानं विचारलं, "वैनी, आता हलू?"

ताप छातीत उतरला. आठव्या दिवशी भिवा गेला.

माणसं पांगल्यावर मी घरात आले. ओळ भिंतीवर तशीच होती. ती पुसायला तो पुन्हा उठलाच नव्हता. मी चौथी शिकलेली, अक्षर बरं होतं माझं. त्याखाली आणखी एक ओळ लिहायला हवी होती: पाऊस लागला तर घरी जा.

भिंतीवर जागा होती.